विहीणबाईंचे वाल

आमच्या विहीणबाईंना माणसाचा चेहरा दिसत नाही, हात दिसतात. हे मी थट्टेने म्हणत नाही, अनुभवाने म्हणतो. उद्या साक्षात यमराज दारात येऊन उभा राहिला, तर बाकीची मंडळी त्याच्या रेड्याला पाहून किंचाळतील. विहीणबाई मात्र चष्मा सावरून पाहतील, की ह्याने पाश कोणत्या हातात धरलाय, अंगठा पकडीत नीट आलाय का, आणि मनगट असं वाकडं ठेवून इतकी युगं दोर फेकल्यावर ते दुखत कसं नाही. बहुधा त्याला ओटीवर बसवून मनगटाला पट्टी बांधतील आणि आठ दिवसांनी दाखवायला ये म्हणून परत पाठवतील. माझ्या बाबतीत असंच काहीतरी झालं असावं, असं माझी बायको म्हणते.

विहीणबाई म्हणजे माझ्या एकुलत्या एका मुलीच्या सासूबाई. मूळच्या म्हसळ्याच्या, पण मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात त्यांची तीस वर्षं गेली. आता निवृत्तीनंतर अलिबागला घराच्या खालच्या खोलीत त्या पेशंट पाहतात. त्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहेत. ही काय भानगड असते ते आमच्या नागावात कुणालाच ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं. लग्नाच्या बैठकीत मी आपलं हुशारी दाखवायला म्हणालो, "म्हणजे फिजिओथेरपीच ना?" झालं! हातातला चहाचा कप त्यांनी खाली ठेवला. "ते हात हलवायला शिकवतात, मी हाताला कामाला लावते," त्या म्हणाल्या. "हात वर गेला, छान झालं. पण वर जाऊन त्याने फळीवरचा डबा काढला का? डबा गार की गरम, जड की हलका, ते बोटांना कळलं का? आणि तो कशासाठी काढला हे खाली येईपर्यंत डोक्यात राहिलं का? बोटं, हात आणि डोकं ह्या तिघांचा एकत्र संसार असतो, व्याहीबुवा. एक रुसला की बाकीच्या दोघांचे हाल." मी जन्मभर मोजणी खात्यात भूकरमापक होतो. लोकांच्या जमिनींच्या हद्दी ठरवायच्या आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खायच्या, हे माझं काम. त्यामुळे कुठे गप्प बसावं हे मला कळतं. मी चिवडा पुढे केला. तो मी डाव्या हाताने का पुढे केला, हे त्यांनी लगेच विचारलं.

लग्नात मुलाच्या आईचा रुसवा आमच्याकडे जेवणातल्या मिठाइतका ठरलेला. बायकोने तर विहीणबाई कशाकशावरून रुसू शकतात ह्याची यादीच केली होती आणि प्रत्येक रुसव्यावर उतारा म्हणून एकेक साडी काढून ठेवली होती. प्रत्यक्षात पाय धुवायच्या वेळी बायको तांब्या-ताम्हण घेऊन खाली बसली, तशा विहीणबाई पाय मागे घेऊन म्हणाल्या, "थांबा. पुन्हा एकदा उठा आणि बसा." आता हा कुठला नवा मान, असा चेहरा करून बायको उठली, बसली. "उजवा गुडघा ना? तरीच म्हटलं, डावीकडे का कलताय. ताई, तुम्ही खुर्चीवर बसा, माझे पाय मी धुते." आणि धुतलेही! पुढे ऐन पंगतीच्या वेळी वरमाय गायब. झाला वाटतं रुसवा, म्हणून बायको साड्यांची बॅग घेऊन धावली. तर ह्या स्वयंपाकाच्या मांडवात आचाऱ्यासमोर स्टूल टाकून बसलेल्या. त्याचा अंगठा दुखतोय हे म्हणे त्यांनी लांबून पुऱ्यांच्या आकारावरून ओळखलं होतं. भरजरी शालूतल्या बाईने त्याच्या अंगठ्याला पट्टी बांधली, लाटण्याच्या मुठी फडकं गुंडाळून जाड केल्या आणि मग पंगतीला आल्या. त्यानंतरच्या पुऱ्या गोल आल्या, हे मला कबूल केलं पाहिजे. आमचे व्याही, म्हणजे त्यांचे यजमान, बँकेतून निवृत्त झालेले अत्यंत अबोल गृहस्थ. अख्ख्या लग्नात ते माझ्याशी एकच वाक्य बोलले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "हिच्यासमोर शक्यतो हात खिशात ठेवत जा."

त्यांच्या एकेक तऱ्हा सांगायच्या तर दिवस पुरायचा नाही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्या आपला उजवा हात पदराने कमरेशी बांधून टाकतात आणि दिवसभर सगळी कामं डाव्या हाताने करतात. "पेशंटला जे सोसायला सांगायचं, ते आपल्याला आधी माहीत हवं," हे त्यावरचं उत्तर. त्या दिवशी त्यांच्याकडे पिठलं-भात असतो, कारण एका हाताने पोळी लाटता येत नाही हे त्यांनी बारा वेळा लाटून सिद्ध केलंय. एकदा नवखा कुरिअरवाला त्याच सोमवारी आला आणि काकींचा हात मोडला म्हणून आळीभर सांगत सुटला. संध्याकाळपर्यंत पाच घरचे डबे आले. विहीणबाईंनी पाचही डब्यांची झाकणं डाव्या हाताने उघडून पाहिली आणि कुठल्या डब्याचं झाकण पेशंटला उघडायला बरं, ह्याची नोंद केली. डब्यात काय होतं ते व्याह्यांना विचारावं लागतं. त्यांच्या पिशवीत पावडर-कुंकू कधी सापडायचं नाही. कपडे वाळत घालायचे चिमटे, नटबोल्ट, बटणं शिवलेलं कापड, स्पंज, गोट्या, काथ्याचा तुकडा असला ऐवज असतो. मुंबईच्या रो-रो बोटीवर चढताना पिशवी पाहणारा माणूस चक्रावून म्हणाला, "काकी, हार्डवेअरचं दुकान हाय का तुमचं?" त्यावर विहीणबाईंनी त्याला बोल्टावर नट फिरवून दाखवायला लावला आणि मागची रांग खोळंबून राहिली. आमच्या दारावर येणाऱ्या कोळणीची तर निराळीच तक्रार. ती मासे कापायला बसली की विहीणबाई समोर बसकण मारायच्या आणि डोळे न हलवता तिच्या बोटांकडे पाहत राहायच्या. एक दिवस तिने कोयता खाली ठेवून बायकोला विचारलं, "ही बाय कोन हो? म्हावरं घेत न्हाय, नुस्ते माझे हातच बघते. दिष्ट लावील मना!"

हे सगळं मला तेव्हा फार विनोदी वाटायचं. मुलीला सातवा महिना लागला, आमच्या घरी डोहाळजेवण झालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ओटीवर पेपर वाचता वाचता माझ्या हातून तो पेपर खाली पडला. उचलायला गेलो तर उजवा हात जागचा हलेना. मी त्याच्याकडे पाहत होतो आणि तो दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा मांडीवर पडून होता. तोंडातून शब्द निघाला तोही बोबडा. पुढची धावपळ सांगत नाही, सगळ्या घरांतून ती सारखीच असते. तीन आठवड्यांनी घरी आलो तेव्हा वाचा परतली होती, पाय जरा ओढत का होईना चालत होता, पण उजवा हात नुसता सोबत आला होता. ज्या हाताने मी नकाशावर केसाएवढी रेघ ओढायचो, त्या हाताला सदऱ्याचं बटणही ओळखू येईना. बायको मला घास भरवायची, बटणं लावायची, तोंड पुसायची. मला फार वाईट वाटायचं, आणि खोटं कशाला सांगू, थोडं बरंही वाटायचं.

घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी विहीणबाईंची स्कूटर फाटकाशी थांबली. आजाऱ्याला भेटायला येणारी माणसं शहाळं आणतात, सफरचंदं आणतात. ह्यांनी पत्र्याचा एक मोठा डबा आणला होता, तांदळाने अर्धा भरलेला. "कसं वाटतंय?" वगैरे काही नाही. माझा उजवा हात उचलून त्यांनी उलटसुलट पाहिला, बोटं एकेक करून दाबली आणि मग माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. "व्याहीबुवा, तुम्हाला तुमच्या भाषेत सांगते. तुमच्या डोक्यात एक नकाशा आहे. त्यात उजव्या हाताची जी जमीन होती ती आता पडीक पडलीय. जमीन गेलेली नाही, कसत नाहीये कुणी. पडीक जमिनीचं काय होतं?" मी म्हणालो, "शेजारी बांध कोरत आत येतो." "बरोबर. तुमचा डावा हात आत्ताच बांध कोरायला लागलाय. मी मंगळवारी आणि शुक्रवारी येणार. मधल्या दिवशी तुम्ही राबायचं." मी नाही म्हणालो असतो, पण व्याही-विहिणीचं नातं असं नाजूक, की मुलीच्या बापाला नाही म्हणायची सवयच राहत नाही.

तांदळाच्या डब्यात त्या वस्तू लपवायच्या. सुपारी, शिंपला, बटण, गोटी, चावी. माझा हात आत घालायचा, मी डोळे मिटायचे, आणि मग त्यांचा तो ठरलेला प्रश्न यायचा, "काय लागलं हाताला?" काय लागणार? माझ्या हाताला तेव्हा तांदूळ आणि दगडसुद्धा सारखेच होते. पण रोज रोज 'कळलं नाही' म्हणायची लाज वाटायची, म्हणून मी अंदाजाने "चावी" म्हणायला लागलो. पाचात एकदा तरी बरोबर यायचं. एका शुक्रवारी मी असाच बराच वेळ चाचपल्याचं नाटक करून ठणकावून म्हणालो, "चावी!" त्यांनी डबा माझ्यासमोर ताटात उलटा केला. नुसते तांदूळ होते. "आज मी काही घातलंच नव्हतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "कळलं नाही तर कळलं नाही म्हणायचं. ते उत्तर आहे, चावी हे उत्तर नाही. तुम्ही चुकीची मोजणी लिहून दिलीत तर मी बांध कुठे घालू?" माझ्या नोकरीत मला एवढं कुणी सुनावलं नव्हतं.

डोक्याचीही तपासणी झाली. कामाचा क्रम लक्षात राहतो का ते पाहायचं म्हणून त्यांनी मला शेगडीसमोर उभं केलं आणि चहा करायला सांगितला. मी आधी साखर ठेवली, मग दूध ओतलं, पावडर शोधण्यात दूध उतू गेलं, पाणी घालायचं राहूनच गेलं, आणि शेवटी जे झालं ते गाळायला गाळणं कुठे असतं हे मला आठवेना. विहीणबाई गंभीर झाल्या. वहीत लिहायला लागल्या. दारात उभी असलेली बायको म्हणाली, "अहो, लिहू नका. हे झटक्याने झालेलं नाही. ह्यांना लग्नापासूनच येत नाही." विहीणबाईंनी पेन थांबवलं, क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "म्हणजे दुखणं जुनं आहे. होईल, त्यालाही करू." त्या दिवसापासून दुपारचा चहा माझ्याकडे आला. पहिले पंधरा दिवस बायकोने तो कसा प्यायला हे तिचं तिला माहीत.

मग मुलीला मुलगा झाला. आमचा आणि विहीणबाईंचा पहिलाच नातू! बाराव्या दिवशी आमच्याच घरी बारसं झालं. पाहुणे आले, पंगत बसली. मी उपरण्याखाली हात लपवून सगळ्यांना नमस्कार-चमत्कार केले आणि पानं वाढली जाताच आतल्या खोलीत निघून गेलो. चारचौघांत डाव्या हाताने चमचा धरून जेवणं मला जमलं नसतं. आत बसून कसाबसा दोन चमचे भात खाल्ला असेन, तोच दारात विहीणबाई. मला वाटलं, आता दोन शब्द धीराचे बोलतील. त्या माझ्या चमच्याकडे पाहत म्हणाल्या, "सहाव्या महिन्यात उष्टावण. मुलीला भाऊ नाही, म्हणजे मामाचा मान तुमचा. पहिला घास तुम्ही भरवायचा. उजव्या हाताने, आणि चमच्याने नाही, बोटांनी." मी म्हणालो, "विहीणबाई, लोकांसमोर माझी शोभा कशाला? तुम्ही भरवा." "मी कशी भरवू? मी मुलाकडची. रीत म्हणजे रीत." जी बाई लग्नात स्वतःचे पाय स्वतः धुवून मोकळी झाली, ती आज रीतीवर अडून बसली होती. लग्नात शिल्लक ठेवलेला सगळा रुसवा त्यांनी त्या एका मागणीत वसूल केला. "आणि नाहीच जमलं तर?" मी विचारलं. "तर पुढे ढकलू. दूध पीत राहील तो, दाढी येईपर्यंत," असं म्हणून त्या पंगतीत जाऊन बसल्या.

पुढच्या मंगळवारी वाल सुरू झाले. बिरड्याचे वाल भिजवून मोड आणले की त्यांची सालं सुटतात, आणि एकेक दाणा अंगठा न् तर्जनीच्या चिमटीत धरून हलकेच दाबला की बिरडं सुळकन बाहेर येतं. आमच्याकडच्या बायका हे गप्पा मारता मारता करतात. मी मात्र आयुष्यात कधी केलं नव्हतं, कारण आयतं खाणाऱ्याला सोलायची गरज पडत नाही. विहीणबाईंच्या मते माणसाच्या हातासाठी देवाने एवढं बिनचूक दुसरं काही बनवलेलं नाही. कमी दाबलं तर सालातून निघत नाही, जास्त दाबलं तर भुगा होतो, लक्ष नसलं तर थेट डोळ्यात जातं. "घास धरायला जी चिमटी लागते, तीच ही," त्या म्हणाल्या. "रोज एक वाटी." पहिल्या दिवशी तासाभरात माझे चार झाले. चारांपैकी तीन चिरडले होते आणि एक माडाच्या आळ्यात गेला.

एक वाटी म्हणजे केवढी असते हे मला तेव्हा कळलं. चौथ्या दिवशी मी वाटी पुढ्यात घेऊन नुसता बसून राहिलो. बायको आली, शेजारी बसली आणि भराभरा सोलायला लागली. दहा मिनिटांत वाटी भरली. मी नको म्हणालो नाही. शुक्रवारी विहीणबाईंनी वाटी हातात घेतली, दोन दाणे उचलून उजेडात धरले आणि वाटी खाली ठेवली. "ही सगळी अखंड आहेत," त्या म्हणाल्या. "तुमची असती तर निम्म्यांचा भुगा असता." मी खाली पाहिलं. पण त्या बायकोकडे वळल्या. "ताई, तुम्ही सोललेल्या प्रत्येक वालाबरोबर ह्यांची एक गुंठा जमीन जातेय. तुमच्या मायेने हात मरेल ह्यांचा." बायकोच्या डोळ्यांतून घळकन पाणी आलं. "मला बघवत नाही हो," ती म्हणाली. "चाळीस वर्षं पाहिलाय तो हात मी. ह्यांनी काढलेले नकाशे बघायला माणसं यायची. आता एक वाल सुटेना, ते बघत कशी बसू?" विहीणबाई म्हणाल्या, "मग बघू नका. तेवढा वेळ वाडीत जात जा." त्या दिवसापासून मी वाटी घेतली की बायको माड-पोफळींना पाणी लावायला वाडीत जायची. पाणी मात्र रोज एकाच माडाला लागायचं, कारण तिथून खिडकी दिसते. मला ते माहीत होतं आणि मला माहीत आहे हे तिलाही माहीत होतं.

तीन महिने हे चाललं. चाराचे दहा झाले, दहाचे पंचवीस, आणि मग महिनाभर पंचवीसच. एका मंगळवारी सव्विसावा वाल चौथ्यांदा निसटला आणि माझं डोकं फिरलं. "नाही जमणार मला! काय मांडलंय हे? भूकरमापक होतो मी, वाल सोलायला जन्माला नाही आलो!" असं ओरडून मी ती वाटी भिरकावली. ओटीभर वाल उडाले. आतून बाळ रडायला लागलं. विहीणबाई अजिबात हलल्या नाहीत. "वाटी उजव्या हाताने फेकलीत," त्या म्हणाल्या. "खांद्यापासून पकड सुटेपर्यंत सगळं नीट झालं. आता त्याच हाताने उचला. हे आज करायचं ठरलं नव्हतं, पण तुम्ही चांगलं सुचवलंत." आणि खरोखर त्या बाईने मला लादीवर बसवलं. एकेक वाल, ओल्या लादीवरून, उजव्या चिमटीत. मधेच कोळीण दारात येऊन उभी राहिली. "काय हो काका, लादीवर वाल पेरताव का काय?" मी घामाघूम होऊन तिच्याकडे पाहिलं. ती माझ्या बोटांकडे पाहत होती, अगदी विहीणबाई पाहतात तशी. मग टोपली उतरवून म्हणाली, "येतंय की! बारशाच्या टायमाला तर हात उचलत नवता." मला तोपर्यंत ते खरंच कळलं नव्हतं. त्या दिवशी जेवायला दोन वाजले, पण वाल सगळे उचलले मी.

शेवटच्या महिन्यात विहीणबाईंनी नवीन फर्मान काढलं. "वाल जागच्या जागी असतात, बाळाचं तोंड हलतं असतं. हलत्या तोंडाची सवय हवी. रोज दुपारी ताईंना एक घास भरवायचा." बायको लाजली. ह्या वयात! पण हुकूम म्हणजे हुकूम. मऊ भात कालवायचा, तीन बोटांत घ्यायचा, अंगठ्याने पुढे ढकलायचा. पहिला घास तिच्या हनुवटीला लागला, दुसरा नाकाला. "लग्नात एकदा भरवला होतात," ती नाक पुसत म्हणाली, "तेव्हाही नाकालाच लावला होतात." खाली सांडलेल्या भातावर आमचं मांजर त्या महिन्यात चांगलंच गुटगुटीत झालं. पण रोज दुपारी ती माझ्यासमोर पाट मांडून बसायची, तोंड उघडून, डोळे माझ्या हातावर लावून. पंचविसाव्या दिवशी घास सरळ तोंडात गेला. ती तो चावायचीच विसरली.

उष्टावणाच्या दिवशी घर माणसांनी भरलं. नातू मुलीच्या मांडीवर झबलं-टोपडं घालून बसलेला, पुढे चांदीची वाटी, वाटीत वरण-भात नि साजूक तूप. माझ्या बोटांना अजूनही ऊन-गार धड कळत नाही, म्हणून विहीणबाईंनी वाटीत आधी स्वतःचं बोट बुडवून पाहिलं आणि मान हलवली. मी हात पुढे केला. सगळ्यांच्या माना पुढे झाल्या. घास घेतला, दोन शितं पडली. हात वर नेला, तेवढ्यात भर सभेत समोरून आवाज आला, "खांदा!" मी चढलेला खांदा खाली घेतला. बाळाने बोटांकडे पाहिलं, तोंड उघडलं, वळवलं, पुन्हा समोर आणलं. बायकोचंही तोंड त्याच्याबरोबर उघडलेलं मला दिसलं. मी अंगठ्याने घास पुढे सारला आणि तो गेला. निम्मा बाहेर आला, पण निम्मा गेला! सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. बोट काढून घेणार, तोच त्या पठ्ठ्याने हिरड्यांत ते घट्ट धरलं.

"काय लागलं हाताला?" विहीणबाईंनी विचारलं. सवयीने विचारलं असावं, कारण त्या स्वतःच जरा चपापल्या. आणि मीही सवयीने डोळे मिटले. 'कळलं नाही' हे उत्तर अगदी ओठांवर होतं. ओलं काहीतरी, मऊ काहीतरी, ते तर धुक्यातून दिसावं तसं पुसट कळत होतं. पण त्या मऊपणात एका जागी काहीतरी खुपत होतं, तांदळात लागणाऱ्या कणीएवढं. मी बोट हळूच सरकवलं, परत मागे आणलं. ते तिथेच होतं. "दात," मी म्हणालो. सगळे हसले. मुलगी म्हणाली, "बाबा, त्याला कुठला दात! मी रोज बघते." माझी खात्री डळमळली. पण त्या दिवशी मला अंदाजाने बोलायचं नव्हतं. मी पुन्हा म्हणालो, "दात आहे. खाली, जरा डावीकडे." विहीणबाई उठल्या, हात धुऊन आल्या, आणि करंगळी बाळाच्या खालच्या हिरडीवरून अलगद फिरवली. अर्ध्यावर त्यांची करंगळी थांबली. "आहे," त्या म्हणाल्या. "आजच टोक आलंय. डोळ्यांना दिसत नाही अजून."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हाताकडे नाही, माझ्याकडे. लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, आठ महिने त्या आठवड्यातून दोनदा माझ्यासमोर बसत होत्या, पण मला वाटतं त्यांनी मला तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. डोळे भरलेले होते आणि काहीतरी बोलायचं म्हणून त्या बोलल्या, "व्याहीबुवा, तुम्हाला मिशी कधीपासून आहे?" मागून आमच्या अबोल व्याह्यांनी उत्तर दिलं, "लग्नाच्या फोटोतही आहे." हसण्याचा एवढा गलका झाला की बाळाने उरलेला घास माझ्या मिशीवर उडवला. बायको मात्र हसत नव्हती. ती वाडीतल्या त्या एका माडाशी जाऊन रडून आली.

आता मुलीची बाळंतपणाची रजा संपलीय. ती परत मुंबईला नोकरीवर गेली, आणि नातवाला सांभाळायला विहीणबाईही गेल्या. माझा हात म्हणाल तर सातबारा पूर्ण नावावर झालेला नाही. सही गोगलगायीच्या वाटेसारखी होते आणि गळ्याचं बटण बायकोच लावते, पण ते आता आम्ही दोघंही विहीणबाईंना सांगत नाही. अधूनमधून त्यांचा व्हिडिओ कॉल येतो. पडद्यावर चेहरा नसतो, नातवाचा हात असतो. परवा त्याने एक चुरमुरा अंगठा-तर्जनीत उचलला, तर मागून त्या ओरडत होत्या, "बघा, बघा, चिमटी आली! तुम्हाला चार महिने लागले होते!" मला त्या पोराचा अभिमानही वाटला आणि थोडा रागही आला. मग फोन बंद झाला आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं. मंगळवारी सकाळी मी अजून ओटीवर दोन खुर्च्या टाकतो. फाटकाशी स्कूटर येणार नाही हे ठाऊक असतं, तरी एकदा तिकडे पाहतो. बायको वाडीत जाते. मी वाटी पुढ्यात घेतो, डोळे मिटतो, एक दाणा चिमटीत धरतो, आणि थांबतो. कुणी काही विचारत नाही. मग मीच हळू आवाजात सांगून टाकतो, "वाल, विहीणबाई. अखंड."